चौपाटीवरचे विमान आणि शिवकर बापूजी तळपदे

शिवकर बापूजी तळपदे हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, ही हकिगत अनेकांनी शाळकरी वयापासून ऐकलेली असते. दर काही वर्षांनी ती नव्याने छापली जाते आणि दर खेपेस तिच्यात एखादा तपशील वाढतो. या एका उड्डाणापलीकडे तळपदे कोण होते, कशाने झपाटले गेले आणि त्यानंतरची वीस वर्षे त्यांनी कशात घालवली, याची चौकशी मात्र फारशी कोणी करीत नाही. चौपाटीवरच्या कथेने तिचा नायकच झाकून टाकला आहे.

तळपदे यांचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतला. जात पाठारे प्रभू, म्हणजे मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात येण्यापूर्वीपासून तिथे नांदत असलेल्या मोजक्या जमातींपैकी एक. चिराबाजार-गिरगावचा परिसर हा त्यांचा मुलूख. पाठारे प्रभूंनी इंग्रजी शिक्षण लवकर घेतले. सरकारी कचेऱ्या, वकिली, वैद्यकी, चित्रकला अशा क्षेत्रांत त्यांची माणसे पुढे होती. तळपदे जन्मले त्याच सुमारास मुंबईत कापसाचा सोन्याचा काळ चालू होता. अमेरिकेतील यादवीमुळे भाव गगनाला भिडले होते. पुढच्याच वर्षी तो फुगा फुटला आणि शहराची अर्धी श्रीमंती बुडाली. रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले तेही याच वर्षांत. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा तळपदे दहा वर्षांचे होते. आगगाडी, तारायंत्र, गिरण्यांचे भोंगे यांच्या संगतीत वाढलेली ही पहिलीच पिढी. यंत्राचे तिला भय वाटत नव्हते. यंत्र परक्यांच्या मालकीचे आहे, ही बोच मात्र तिला होती.

या बोचेवर दोन प्रकारचे उपाय त्या काळी सुचवले जात. एक, ती विद्या शिकून घ्यावी. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि बडोद्यात १८९० साली सयाजीराव गायकवाडांनी कलाभवन उघडले, ते याच विचाराने. दुसरा उपाय अधिक सुखाचा होता. ही विद्या मुळात आपलीच होती, मधल्या अंधारयुगात आपण ती विसरलो आणि ग्रंथ उघडले की ती परत मिळेल, असे तो सांगत असे. तळपदे यांच्या आयुष्यात हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात.

त्यांचे नाव सर जे. जे. कलाशाळेशी जोडलेले आहे. जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली या शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते, तो हा काळ. १८९१ साली तिथे हस्तव्यवसायांच्या कार्यशाळाही निघाल्या. लाकूड, धातू, माती यांतून वस्तू घडवण्याचे वातावरण त्या आवारात होते. कागदावरची आकृती हातांनी प्रत्यक्षात आणण्याची सवय तळपदे यांना लागली असेल, तर ती अशा ठिकाणी लागणे स्वाभाविक होते. तिथल्याच एका शिक्षकांनी त्यांचे लक्ष स्वामी दयानंद सरस्वतींच्या लेखनाकडे वेधले, असे त्यांचे चरित्रलेखक सांगतात.

दयानंदांनी १० एप्रिल १८७५ रोजी आर्य समाजाची स्थापना केली ती मुंबईतच, गिरगावात. म्हणजे तळपदे यांच्या जवळजवळ दारात. दयानंदांचा ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिका’ हा ग्रंथ त्यानंतर दोनतीन वर्षांत प्रसिद्ध झाला. त्यात वेदांतील ऋचांचा अर्थ लावताना एक प्रकरण नौका आणि विमाने यांच्या विद्येवर आहे आणि एक तारविद्येवरही आहे. अश्विनीकुमारांच्या सूक्तांतील रथ हे देवांचे वाहन नसून अग्नी, जल आणि धातू यांच्या योगाने चालणारे यान होय, असा दयानंदांचा अर्थ. परंपरेने चालत आलेल्या सायणभाष्यात तो सापडत नाही आणि पुढील काळातल्या बहुतेक वेदाभ्यासकांनीही तो स्वीकारला नाही. पण विशीतल्या, यंत्रांनी भारावलेल्या आणि संस्कृतात गती असलेल्या तरुणावर त्याचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना करता येते. वेद हा त्याच्यासाठी केवळ पूजेचा ग्रंथ राहिला नाही. तो एका हरवलेल्या कारखान्याचा नकाशा बनला.

तळपदे आर्य समाजाच्या वर्तुळात राहिले. त्यांनी वेदांवर, योगदर्शनावर मराठीतून लिहिले, प्राचीन विमानकलेवरही लिहिले. संस्कृत ग्रंथांत विमानाचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथून तो वेचायचा, हा त्यांचा उद्योग होता. असे उल्लेख अर्थातच पुष्कळ आहेत. रामायणातले पुष्पक सर्वांना ठाऊक आहे. अकराव्या शतकात भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथाच्या यंत्रविधानात लाकडाचा मोठा पक्षी करून त्याच्या पोटात पारा तापवण्याचे वर्णन आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापून निघाला तो १९२४-२५ मध्ये. पाऱ्याची कल्पना मात्र रसशास्त्राच्या परंपरेतून आधीपासून पंडितांच्या बोलण्यात होती आणि चौपाटीच्या कथेत तिला फार मोठे स्थान मिळाले आहे.

तळपदे ज्या वर्षांत हा विचार करीत होते, त्याच वर्षांत जगभर तोच विचार चालू होता, हे आपल्याकडच्या वर्णनांत सहसा सुटते. फ्रान्समध्ये क्लेमाँ आदेर यांच्या वाफेवर चालणाऱ्या यंत्राने ९ ऑक्टोबर १८९० रोजी जमीन सोडून सुमारे ५० मीटरची उडी घेतली होती. जर्मनीत ओटो लिलिएंथाल टेकडीवरून पंख बांधून झेपावत होते. हिराम मॅक्सिम यांनी इंग्लंडमध्ये साडेतीन टनांचे अजस्र यंत्र बांधले. प्रत्येकी १८० अश्वशक्तीची दोन वाफेची इंजिने त्याला बसवली होती. ३१ जुलै १८९४ रोजी रुळांवरून धावता धावता ते उचलले गेले, वरचे रोधक रूळ तोडून बाहेर आले आणि मोडले. मॅक्सिम यांचा या प्रयोगांवर सुमारे २० हजार पौंड खर्च झाला. ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्ह यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पेटीच्या आकाराच्या पतंगांनी १६ फूट उचलले होते. अशा बातम्या मुंबईच्या इंग्रजी पत्रांतून येत, आणि मॅक्सिम-एडिसन यांच्या कामाचा परिचय तळपदे यांना होता, असे सांगितले जाते. तसे असेल तर ग्रंथांच्या बळावर एकट्यानेच ध्यास घेतलेला साधक हे त्यांचे रूढ चित्र थोडे बदलावे लागते. त्या दशकाची हवाच त्यांना लागली होती.

आणि मग १८९५. प्रचलित हकिगत अशी: तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे, म्हणजे वाऱ्याचा मित्र असे, एक मानवरहित यान तयार केले. चौपाटीच्या वाळूवर मोठा जमाव जमला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड जातीने हजर होते. यान १,५०० फूट उंच गेले आणि खाली कोसळले. पाऱ्यावर चालणारे यंत्र त्याला होते. ‘केसरी’ने त्याचा वृत्तांत दिला. पुढे इंग्रज सरकारने महाराजांवर दडपण आणले, मदत आटली, तळपदे यांच्या पत्नीचे निधन झाले आणि त्यांच्या पश्चात नातेवाइकांनी यानाचे अवशेष एका परदेशी पेढीला विकून टाकले.

हकिगत अतिशय नीटस आहे. तीत स्वदेशी बुद्धी आहे, दानशूर राजा आहे, न्यायी विद्वान आहे, दुष्ट परके सरकार आहे. शोकान्तही आहे. पण एकेक धागा ओढून पाहिला की तो हाती येत नाही. मुळात दिवस कोणता, यावरच सांगणाऱ्यांचे एकमत नाही. मुंबईत त्या वर्षी टाइम्स ऑफ इंडिया आणि बॉम्बे गॅझेट ही इंग्रजी दैनिके होती. इंदुप्रकाश, मुंबई समाचार, जामे जमशेद होते. १,५०० फूट म्हणजे मलबार टेकडीच्या कितीतरी पट उंच. तेवढ्या उंचीवर काही गेले असते तर ते गिरगावच्या प्रत्येक गच्चीवरून दिसले असते. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि एक संस्थानिक यांच्या साक्षीने असे काही घडले असते, तर ती बातमी दाबणे कुठल्याही सरकारच्या हातात नव्हते. या पत्रांपैकी एकातलीही त्या दिवसाची बातमी आजवर कोणी पुढे ठेवलेली नाही.

‘केसरी’चा दाखला सर्वांत अधिक दिला जातो. रत्नागिरीत जन्मलेल्या, आणि मुळात गणिताचे अध्यापक असलेल्या टिळकांच्या पत्राने एखादी गोष्ट छापली म्हणजे ती पारखून छापली, असा मराठी मनाचा विश्वास, त्यामुळे दाखल्याला वजन येते. १८९५ साली ‘केसरी’चे रकाने कशाने भरले होते हे माहीत आहे. रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धाराचा निधी त्या वर्षी सुरू झाला. डिसेंबरात पुण्यात भरणाऱ्या काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद घ्यावी की नाही, यावरून टिळक आणि रानडे यांच्या पक्षांत रान पेटले होते. या धुमश्चक्रीत रानडे यांच्या उपस्थितीत झालेला एवढा मोठा चमत्कार टिळकांच्या पत्राने कसा मांडला असता, हे वाचायला कोणालाही आवडले असते. पण ज्या अंकाचा हवाला दिला जातो तो अंक काही कोणी दाखवीत नाही.

इथे एका दुसऱ्या मुंबईकराची आठवण होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे पाहिली, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि चित्रण सुरू केले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन १९०१ च्या अखेरीस मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रण सावेदादांनी केले. कोकणातल्या एका मुलाचे गणितातले यश टिपायला तिथे कॅमेरा हजर होता. तळपदे यांच्या यानाचे साधे छायाचित्रही नाही, आणि १८९५ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची वाण नव्हती.

दुसरी एक तुलना अधिक उपयोगी पडते. तळपदे यांची गाठ नेहमी राइट बंधूंशी घातली जाते, पण ते चुकीचे आहे. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे केले ते माणसासह, इंजिनाच्या बळावर, नियंत्रणाखाली केलेले उड्डाण होते. पहिल्या झेपेत १२ सेकंदांत १२० फूट आणि त्याच दिवशीच्या चौथ्या झेपेत ५९ सेकंदांत ८५२ फूट. चौपाटीची कथा मानवरहित यानाची आहे. मानवरहित यान उडवणे हे १८९५ साली अशक्य कोटीतले नव्हते. रबराच्या पिळावर चालणारे आल्फोन्स पेनो यांचे छोटे विमान पॅरिसमध्ये १८७१ सालीच सुमारे ११ सेकंद उडाले होते. आणि ६ मे १८९६ रोजी, म्हणजे चौपाटीच्या कथेनंतर वर्षभरातच, अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांचे वाफेवर चालणारे, चालकाविना असलेले यंत्र पोटोमॅक नदीवर तीन हजारांहून अधिक फूट गेले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिथे उभे होते. त्यांनी छायाचित्र काढले आणि पाहिलेले लिहून प्रसिद्ध केले. तळपदे यांचे खरे समकालीन स्पर्धक लँग्ली होत. राइट बंधूंचा पराक्रम मोठा की तळपदे यांचा, हा वाद त्यामुळे निरर्थक ठरतो.

पाऱ्याबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण कथेचा सगळा चमत्कार त्यात आहे. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. तो ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. तापवून त्याची वाफ करता येते आणि वाफेवर चाक फिरवताही येते, पण त्यासाठी बंद भांडे, शीतक आणि जाड लोखंडाचा डोलारा लागतो. वाफ सुटली तर जवळच्या माणसाला विषबाधा होते. उडणाऱ्या यंत्राला हलकेपणा हवा असतो. मॅक्सिम यांचे साडेतीन टनांचे धूड आणि राइट यांचे चालकाविना सुमारे २७५ किलोचे विमान यांतला फरक हलक्या इंजिनाचा होता. राइट बंधूंसाठी चार्ली टेलर या कारागिराने सहा आठवड्यांत घडवलेले १२ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन ८० किलोच्या आसपास होते. १८९५ च्या मुंबईत असे इंजिन कुठून येणार?

इंजिनापेक्षाही मोठी अडचण मोजमापाची होती. पंखाच्या कोणत्या आकाराने किती उचल मिळते याचे कोष्टक राइट बंधूंना हवे होते. लिलिएंथाल यांचे आकडे त्यांच्या अनुभवाशी जुळेनात. तेव्हा त्यांनी १९०१ च्या हिवाळ्यात वाऱ्याची एक पेटी करून दोनशेच्या आसपास पंखांचे नमुने तपासले. सायकलींच्या दुकानाच्या मिळकतीतून चाललेल्या त्यांच्या सर्व प्रयोगांचा खर्च एक हजार डॉलरच्या आत होता. लँग्ली यांना अमेरिकी युद्धखात्याने ५० हजार डॉलर दिले आणि त्यांचे माणसासहचे यंत्र डिसेंबर १९०३ मध्ये नदीत कोसळले. तेव्हा पैशाअभावी तळपदे यांचे विमान राहिले, हे म्हणणे फार तर अर्धे खरे. ग्रंथातून मिळालेली आकृती बरोबरच असली पाहिजे, अशा श्रद्धेने आरंभ केला की यंत्र पडल्यावर आकृतीवर संशय घेणे अवघड होऊन बसते. राइट बंधूंनी लिलिएंथालवर संशय घेतला. तळपदे ऋषींवर कसा घेणार होते?

नव्या शतकात विमानाच्या बातम्या येऊ लागल्या. त्या एकदम आल्या नाहीत, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. राइट बंधूंचे उड्डाण पाच माणसांनी पाहिले होते, त्याचे छायाचित्र होते, रोजनिशीत नोंद होती. तरीही युरोपने त्यांच्यावर विश्वास ठेवला तो विल्बर राइट यांनी ऑगस्ट १९०८ मध्ये फ्रान्समधील ल मांजवळ हजारो लोकांसमोर उड्डाण केल्यावर. त्यानंतर मात्र वेग आला. डिसेंबर १९१० मध्ये भारतात विमान उडाले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडे नैनीपर्यंत उड्डाण केले. जगातली ती पहिली अधिकृत विमानटपाल. तळपदे तेव्हा ४६-४७ वर्षांचे होते. ज्या गोष्टीसाठी उमेदीची वर्षे वेचली ती भारताच्या आकाशात घडताना त्यांनी ऐकली असणार. ती घडवणारा परदेशी होता, यंत्रही परदेशी होते.

माणूस अशा वेळी एकतर थांबतो किंवा अधिक चिवट होतो. तळपदे थांबले नाहीत. त्यांच्या उत्तरायुष्यातील महत्त्वाची गाठ पडली ती बंगळूरजवळच्या आनेकल येथील पंडित सुब्बराय शास्त्री यांच्याशी. शास्त्री त्यांच्याच वयाचे. भरद्वाज ऋषींच्या ‘यंत्रसर्वस्वा’तील विमानप्रकरण आपल्याला अंतःस्फूर्तीने प्राप्त झाले आहे, असा त्यांचा दावा होता. ते मुंबईस येत आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी विमानाच्या प्रतिकृती बांधण्याचा उद्योग केला. एका हकिगतीनुसार तर ‘मरुत्सखा’ हे नाव १८९५ च्या यानाचे नव्हेच. आयुष्याच्या अगदी शेवटी, १९१५-१६ च्या सुमारास, शास्त्रींकडे विमानप्रकरणाचा अभ्यास करून तळपदे यांनी जे यान बांधायला घेतले, त्याचे ते नाव. आजारपणाने ते अपुरे राहिले. ही हकिगत चौपाटीच्या कथेइतकी लोकप्रिय झाली नाही, कारण तिच्यात काही उडत नाही. पन्नाशी उलटलेला, तब्येतीने खचलेला एक गृहस्थ बांबू-लाकडाच्या सांगाड्यापुढे पोथी उघडून बसला आहे, एवढेच त्यात आहे. पहिले महायुद्ध चालू असतानाच तळपदे यांचे निधन झाले.

शास्त्रींचा ग्रंथ लेखणीबद्ध झाला तो त्यानंतर. १९१८ ते १९२३ या काळात त्यांनी तो आपल्या शिष्याला सांगितला. बंगळूरच्या एका आरेखकाने १९२३ साली त्यातील विमानांच्या आकृत्या काढल्या. १९५९ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती निघाली. १९७३ मध्ये म्हैसूरहून इंग्रजी भाषांतरासह ‘वैमानिकशास्त्र’ प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून तळपदे यांनी १८९५ साली याच ग्रंथाबरहुकूम विमान बांधले, असे लोक सांगू लागले. ग्रंथ नंतरचा आणि विमान आधीचे, ही विसंगती सांगणाऱ्यांना खटकली नाही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली या ग्रंथाची चिकित्सा केली. त्यांचा निबंध संयमी आहे. भाषा वैदिक नाही, अर्वाचीन संस्कृत आहे. ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चारही विमानांच्या रचनेत उड्डाणाची तत्त्वे पाळलेली नाहीत, ती उडणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच निबंधात, शास्त्रींच्या निकटवर्ती मंडळींकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे, तळपदे यांच्याविषयीही एक नोंद आहे. शास्त्रींच्या सांगण्यावरून मुंबईच्या तळपदे यांनी काही प्रतिकृती केल्या, पण त्यांपैकी एकही ते उडवू शकले नाहीत. तळपदे यांच्या कामाविषयी त्यांच्या सहकाऱ्यांच्या बाजूने आलेली ही साक्ष आहे. ती विरोधकाची नाही, इंग्रजांची तर नाहीच.

या साक्षीने तळपदे लहान होतात असे मानण्याचे कारण नाही. मॅक्सिम, आदेर, लँग्ली यांना तरी माणसाला घेऊन खऱ्या अर्थाने उडणारे यंत्र कुठे साधले होते? त्यांच्या अपयशाच्या नोंदी त्यांच्या देशांनी जपल्या, मोडकी यंत्रे संग्रहालयांत ठेवली. मॅक्सिम यांचे यंत्र कसे मोडले हे आज फूटपट्टीने सांगता येते. तळपदे यांनी काय वापरले, किती खर्च केला, यंत्र कुठे अडले, यांपैकी काहीच आपल्यापाशी नाही. ते त्यांच्या हयातीत किंवा त्यानंतर लगेच कोणी विचारून ठेवले असते, तर विमानविद्येच्या इतिहासात मुंबईच्या एका प्रयोगकर्त्याचे लहानसे पण पक्के पान राहिले असते. ते कोरे राहिले आणि त्या जागी १,५०० फूट उंचीचे उड्डाण लिहिले गेले.

पुढचा प्रवास सर्वांसमोर झाला. २००३ साली राइट बंधूंच्या उड्डाणाची शताब्दी साजरी होत असताना तळपदे यांचे नाव पुन्हा निघाले. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर झालेल्या भाषणाने देशभर गदारोळ उठला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तळपदे यांच्यावरचा ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट झळकला. पडद्यावरच्या तळपदे यांच्या विमानात माणूसही बसला.

मुंबईचा एक मराठी माणूस विमानात खरोखर बसला, तो तळपदे यांच्यानंतर फार उशिरा नव्हे. श्रीकृष्ण वेलिणकर यांचा जन्म मुंबईत १८९४ सालचा, म्हणजे चौपाटीच्या कथेच्या वेळी ते तान्हे होते. केंब्रिजला शिकून ते ब्रिटिश विमानदलात लेफ्टनंट झाले. पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून लढलेल्या मोजक्या भारतीयांपैकी ते एक. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचे सॉपविथ डॉल्फिन विमान पाडले गेले आणि महिन्याच्या ३० तारखेला ते मरण पावले. उत्तर फ्रान्समधील आंगार या गावच्या युद्धदफनभूमीत त्यांची नाव कोरलेली कबर आहे.